‘स्थिर’ रेणू, ‘टिकाऊ’ रेणू आणि ठाव

साताऱ्याच्या एका शिक्षकांनी विचारलंय : स्थिर रेणू आणि टिकाऊ रेणू एकच का? नाही. आणि ‘स्थिर म्हणजे न हलणारा’ हे वर्गात सांगणं आधी थांबवा. हायड्रोजनचा रेणू सर्वांत खालच्या ऊर्जेच्या अवस्थेतही थरथरत असतो : त्याच्या दोन अणूंमधलं अंतर ०.७४ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) आगेमागे होत राहतं. या थरथरीत बंधाच्या ४.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टांपैकी (हे अणूंच्या ऊर्जेचं माप) ०.२७ जातात, म्हणून तो तोडायला ४.४८ पुरतात. तरी तो स्थिरच.

‘स्थिर’ हा शब्द संस्कृत ‘स्था’ (उभं राहणं) या क्रियाधातूचा, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच धातूचा ‘ठाव’ मात्र कोणी बघत नाही! स्थान-ठाण, तसा स्थाम-ठाव. विहिरीचा ‘ठाव’ काही जण हिंदी ‘थाह’शी जोडतात, मला ते साफ चूक वाटतं. थाहचा भाऊबंद आपला ‘थांग’, म्हणूनच ‘अथांग’. ठाव म्हणजे पाय टेकतो ती जागा. स्थिर रेणूचं सगळं गणित या ठावाचंच आहे.

रेणूचे जितक्या परींनी तुकडे पडू शकतात, त्या प्रत्येक परीची किमान ऊर्जा काढा. त्यांतली सर्वांत खालची तो उंबरठा. रेणूची किमान ऊर्जा त्याच्याखाली उतरली की रेणू स्थिर. सगळी केंद्रं आणि इलेक्ट्रॉन एकमेकांपासून दूर सुटे, तेव्हा ऊर्जा शून्य धरू. हायड्रोजनचे दोन सुटे अणू −२७.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, प्रोटॉन आणि ऋण आयन (एक इलेक्ट्रॉन जादा असलेला अणू) −१४.४, म्हणजे उंबरठा −२७.२. रेणू −३१.७ वर. रेणूची नेमकी ऊर्जा काढायचीही गरज नसते : अंदाजाने घेतलेलं तरंगफलन (इलेक्ट्रॉनांची अवस्था सांगणारं गणिती सूत्र) नेहमी खऱ्यापेक्षा वरचीच किंवा फार तर तेवढीच ऊर्जा देतं, तेव्हा तेच उंबरठ्याखाली गेलं तर सिद्धता पुरी. चूक होते ती उंबरठ्यात. तोही कच्च्या रीतीने काढला की वर सरकतो आणि सुटे तुकडे बांधलेले दिसू लागतात.

आता ‘टिकाऊ’. हेलियमची दोन अणुकेंद्रं, इलेक्ट्रॉन दोनच. केंद्रांमधलं अंतर ०.७० अँगस्ट्रॉम असताना ऊर्जेला खड्डा आहे, पण त्याचा ठाव दोन सुट्या हेलियम आयनांच्या ऊर्जेपेक्षा ८ इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून अधिक वर! कासच्या तलावाचं पाणी साताऱ्याच्या कितीतरी वर असतं, बांध आहे तोवर राहतं, तसंच हे. फक्त इथला बांध क्वांटम नियमाने झिरपतो, रेणू कधीतरी फुटतोच. म्हणून तो टिकाऊ, पण स्थिर नव्हे. असल्या रेणूला ‘स्थिर’ छापणारे खड्ड्याचा ठाव बघतात, उंबरठा बघत नाहीत.