लूप रेकॉर्डरवरची कातडी लाल झाली आहे

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या. दोनदा शुद्ध हरपून पडल्या. तपासण्यांत काही निघालं नाही म्हणून गेल्या महिन्यात छातीत डावीकडे लूप रेकॉर्डर (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) बसवला. आता त्याच्या एका टोकावरची कातडी लालसर, चकचकीत झाली आहे आणि टोक बोटाला लागतं. घरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी फरक नाही. त्यातच, ‘हृदय पाच सेकंद थांबल्याची नोंद आली आहे, पेसमेकर लागेल’ असा हॉस्पिटलमधून फोन आला. त्या वेळी तर त्या कुशीवर पडून माझ्याशी गप्पा मारत होत्या! काय करावं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी कातडीचं. ज्यांनी यंत्र बसवलं त्यांच्याकडे उद्याच जा. थंडी वाजून ताप आला किंवा पू दिसला तर आजच. चकचकीत कातडी म्हणजे ती आतून पातळ होत चालली आहे. यंत्र बाहेर येऊ बघतंय. असं फार थोड्या पेशंटमध्ये होतं, पण झालं की थांबून चालत नाही. हळद-तूप लावू नका, दाबून बघू नका आणि सुईने पाणी काढायला कुणालाही देऊ नका. त्याने जंतू आत जातात. यंत्राच्या पृष्ठभागाला चिकटलेले जंतू नुसत्या गोळ्यांनी सहसा जात नाहीत. यंत्रच काढावं लागतं.

काढायचं म्हटल्यावर घाबरू नका. पेसमेकरच्या तारा हृदयात गेलेल्या असतात, याला तारच नसते. जेमतेम साडेचार सेंटिमीटरची पट्टी, तीही कातडीखाली. जागा बधिर करून काही मिनिटांत निघते.

आता त्या पाच सेकंदांचं. माझ्या मते तुमचे दोन्ही प्रश्न एकाच कारणाचे असू शकतात. यंत्र सैल होऊन कललं की त्याला हृदयाचे ठोके बारीक ‘ऐकू’ येतात. कूस बदलली की आणखी बारीक. मग ठोके पडत असूनही ते मोजत नाही आणि ‘हृदय थांबलं’ अशी नोंद करतं. म्हणून नुसत्या फोनवर पेसमेकरला होकार देऊ नका. त्या नोंदीचा ईसीजी छापून मागा आणि हृदयाच्या लयीच्या तज्ज्ञाला दाखवा. उंच ठोके एकदम बुटके झालेत, पण वेळच्या वेळी पडतायत असं दिसलं, तर ती नोंद खोटी. रेघ खरंच सपाट असेल, तरी पेसमेकर लागेलच असं नाही. त्या वेळी काही त्रास झाला का, त्या जाग्या होत्या की झोपलेल्या, आणि यंत्राचा संपर्क सुटल्याने तर रेघ सपाट झाली नाही ना, हे बघून तज्ज्ञ ठरवतील.

यंत्र काढलं तरी तपास सोडू नका. दोनदा शुद्ध का गेली, हे अजून कळलेलं नाही. जखम भरली की दुसऱ्या जागी नवं बसवता येतं. तोवर सासूबाईंना स्टुलावर चढू देऊ नका आणि न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका.