लिनक्स टाकल्यापासून लॅपटॉपचा कर्सर आपोआप थरथरतो, उड्या मारतो. विंडोज परत टाकावं का?

नका टाकू. आधी चार्जर काढा आणि पाच मिनिटं नुसत्या बॅटरीवर चालवून बघा.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप जुना आहे, त्यावर लिनक्स मिंट टाकलंय, जुन्या नाशकातल्या भाड्याच्या खोलीत कर्सर थरथरतो, कॉलेजात तोच लॅपटॉप बराचसा नीट चालतो, आणि दुरुस्तीवाला म्हणाला, 'लिनक्सला ड्रायव्हर नसतात, विंडोज टाका.' जागा बदलली की जो दोष बदलतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा कसा? ड्रायव्हर घरी आणि कॉलेजात एकच असतो. बदलतं ते सॉकेट.

टचपॅड बोटाने पॅडच्या धारकतेत (विजेचा भार साठवण्याच्या क्षमतेत) होणारा बदल मोजतो, आणि तो बदल पिकोफॅरडच्याही अंशात असतो. आता चार्जर बघा. त्याच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून अर्थच्या तारेला जोडलेले असतात, चार्जरमधला विजेचा गोंगाट जमिनीत जावा म्हणून. अर्थच नसेल तर गोंगाटाला वाट उरत नाही आणि लॅपटॉपचं सगळं ग्राउंड साधारण निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी नगण्य असतो, पण धातूच्या बॉडीवरून मनगट हलकेच फिरवलं की झिणझिण्या जाणवतात. तुमचं शरीर जमिनीशी बांधलेलं, लॅपटॉप अधांतरी. मग बोट ठेवलं की पॅडला बोटाबरोबर तो गोंगाटही दिसतो.

म्हणून खूण अशी: बोट पॅडवर स्थिर असताना कर्सर थरथरतो, बोट उचललं की शांत. चार्जर काढला की त्याच क्षणी शांत. दुसरा हात लॅपटॉपच्या धातूवर ठेवला की थरथर कमी-जास्त होते. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर पुढचं सॉफ्टवेअर-पुराण वाचूच नका, थेट सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोर्डाकडे जा.

रविवार कारंज्याच्या मागच्या एका वाड्यातल्या लॅपटॉपची गोष्ट हुबेहूब तुमच्यासारखी होती. दोनदा डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलून झाली होती, टचपॅडसुद्धा नवा बसवला होता. टचपॅड, माउस, कीबोर्ड हाताळणारा लिनक्सचा थर म्हणजे लिबइनपुट. त्याचं लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाकून टर्मिनलमध्ये 'सुडो लिबइनपुट रेकॉर्ड' चालवलं आणि बोट दहा सेकंद एका जागी ठेवलं. बॅटरीवर एक्स-वाय आकडे एक-दोन एककांनी हलत होते, चार्जरवर वीस-तीस एककांनी. हा आकडा हातात आला की वाद संपतो, कारण हे कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, आलेले कच्चे आकडे असतात, डेस्कटॉपचा अजून संबंधच आलेला नसतो.

चार्जरची पिन तीनची होती. भिंतीवरचं सॉकेटही तीनचं. मधला एक्स्टेन्शन बोर्ड उघडला तर तोंडाला तीन भोकं आणि आत वायर दोनच! असे बोर्ड सर्रास विकले जातात आणि घेणारा भोकं मोजतो. थ्री-कोअर वायरचा बोर्ड लावला तरी थरथर जाईना. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २३० दाखवलं, फेज-अर्थ ९० च्या आसपास. इथेच बहुतेक जण फसतात, 'थोडी तरी अर्थिंग आहे' म्हणतात. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध प्रचंड असतो, त्यामुळे नुसती लोंबकळणारी तारही त्याला व्होल्टेज दाखवते. खरी परीक्षा टेस्ट लॅम्पची: होल्डरमधला साधा बल्ब फेज आणि अर्थमध्ये पेटला पाहिजे (आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, असेल तर ती ट्रिप होईल, म्हणजेही वाट आहे). तिथे बल्ब मिणमिणलासुद्धा नाही. सॉकेट उघडल्यावर हिरवी तार कापून, टेप गुंडाळून मागे कोंबलेली सापडली. ती जोडली, बल्ब पेटला, पण मंद. कारण अंगणातला अर्थिंगचा खड्डा वैशाखात कोरडा ठाक पडला होता. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. खड्ड्यात चार-पाच बादल्या पाणी गेल्यावर बल्ब पूर्ण पेटला आणि रेकॉर्डमधले आकडे पुन्हा एक-दोन एककांवर आले. डिस्ट्रोला कोणी हात लावला नव्हता.

'टू-पिनवर सगळं चालतंच की, हिरव्या वायरचं काय एवढं' असं म्हणणाऱ्या घरमालकांशी आणि वायरमनशी माझं कधीच जमणार नाही. हिरवी तार टचपॅडसाठी नसते, ती गिझर आणि फ्रिजला हात लावणाऱ्या माणसासाठी असते. टचपॅडने फक्त ती नाही हे फुकटात सांगितलं. आणि कोणी वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल-अर्थ लूप मारून 'झालं काम' म्हणाला, तर त्याला ते लगेच काढायला लावा. टेस्ट लॅम्प पेटेल, कर्सरही शांत होईल, पण मागे कुठे न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील.

आता बॅटरीवरही त्रास होत असेल तर. लॅपटॉप उलटा करून सपाट फरशीवर ठेवा. डुगडुगतो का? टचपॅडची एक कड वर आलीय का, क्लिक जड झालंय का? मग बॅटरी फुगलीय आणि खालून पॅड दाबतेय. वापर तिथेच थांबवा, चार्जिंग बंद. दाबून सपाट करायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

कर्सर हात न लावता एकाच दिशेने हळूहळू सरकतो? कीबोर्डच्या मधोमध छोटी दांडी असेल तर हात पूर्ण काढा, ती काही सेकंदांत स्वतःला शून्यावर आणते. सरकत असताना तिच्याशी झुंजलात तर चुकीचाच शून्य धरते. कर्सर स्क्रीनच्या ठरावीक जागी उडी मारून तिथे क्लिक होत असेल आणि स्क्रीन टचची असेल, तर 'सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवून हात बाजूला ठेवा. हात न लावता ओळी येत असतील तर त्यांच्यातला 'इव्हेंट' क्रमांक कुठल्या उपकरणाचा आहे ते सुरुवातीच्या यादीत बघा. दोषी सापडेल. वायरलेस माउसचा डोंगल यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी लावला असेल तर दूर न्या, छोटी एक्स्टेन्शन केबलही पुरते. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो. माउस दोन-तीन सेकंद मेल्यासारखा राहून मग जागा होत असेल तर कुठे पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या साधनाचं ऑटो-ट्यून चालवलंय का ते आठवा, ते माउसलाही झोपवतं.

फक्त टाइप करताना कर्सर भलतीकडे जातो, हा तळव्याचा प्रश्न. 'टाइप करताना टचपॅड बंद' हे लिबइनपुटमध्ये मुळातच चालू असतं, पण कीडीसारखं कळा बदलणारं काही बसवलं असेल तर लिबइनपुटला तो कीबोर्ड लॅपटॉपचाच आहे हे कळत नाही आणि सोय निकामी होते. लिबइनपुटच्या लोकल-ओव्हरराइड्स क्वर्क्स फाइलमध्ये (उपकरणांचे अपवाद लिहायची फाइल) कीडीने बनवलेल्या आभासी कीबोर्डला 'इंटर्नल' म्हणून नोंदवा. मराठी टायपिंगसाठी आयबस वापरत असाल तर त्याचा इथे काही संबंध नाही, तो बराच वरच्या थरावर चालतो.

जर्नलमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) 'टच जंप डिटेक्टेड अँड डिस्कार्डेड' दिसत असेल तर पॅड खोटे बिंदू पाठवतोय आणि लिबइनपुट ते गाळतोय. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) पीएसमाउस हा टचपॅडचा ड्रायव्हर 'लॉस्ट सिंक' म्हणत असेल तर ते कर्नल मॉड्यूल सॉफ्टवेअरमधून काढून पुन्हा लावा. तेवढ्याने भागलं नाही तर त्याचाच 'सिनॅप्टिक्स इंटरटच' हा पर्याय १ किंवा ० करून बघा, काही पॅड एकावर नीट चालतात, काही शून्यावर. जुन्या लेखांतल्या सिनक्लायंटच्या (टचपॅड सेटिंगची जुनी कमांड) ओळी डकवू नका. त्यासाठी सिनॅप्टिक्सचा जुना ड्रायव्हर टाकावा लागतो, तो एक्सऑर्गवर (स्क्रीनवर चित्र उमटवणारी जुनी यंत्रणा) लिबइनपुटला बाजूला सारतो आणि मग सेटिंगमधले अर्धे पर्याय गायब होतात. वेलँड या नव्या यंत्रणेवर तर त्या ओळी चालतच नाहीत.

एक मान्य करतो: हार्डवेअर ठीक असूनही काही पॅडवर थोडी थरथर उरते, कारण कंपनीचा विंडोज ड्रायव्हर ती गाळत असतो. त्यासाठी 'लिबइनपुट मेझर फझ' चालवा, आणि यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबीमध्ये (हार्डवेअरच्या माहितीची यादी) एक्स-वाय अक्षांना फझ द्या, म्हणजे तेवढी बारीक हालचाल गाळली जाते. क्रम किमान, कमाल, रिझोल्यूशन, फझ असा आहे. पहिले तीन रिकामे सोडून चौथा ८ ठेवा, मग एचडब्ल्यूडीबी अपडेट करून रीस्टार्ट. पण अर्थिंग तपासण्याआधी हे करू नका, नाहीतर हिरवी तार तशीच कापलेली राहील आणि ते कळवणारं एकमेव साधन तुम्ही स्वतःच गप्प केलेलं असेल.

अजून एक, हे आधीच लिहायला हवं होतं. तुमच्या चार्जरच्या अडॅप्टरमध्ये घुसणारी वायर आठच्या आकड्यासारख्या दोन भोकांची असेल तर त्यात अर्थ येतच नाही, सॉकेट कितीही चांगलं असो. तसं असेल तर लॅपटॉप एचडीएमआयने तीन-पिनच्या मॉनिटरला जोडून बघा, म्हणजे अर्थ त्या वाटेने येईल. तोही मॉनिटर अर्थ असलेल्या सॉकेटवर हवा. आणि बोर्ड स्वतः उघडू नका, मेन बंद करून वायरमनकडूनच उघडवा. टेस्ट लॅम्प मात्र तुमच्यासमोर लावायला सांगा.