पिठलं-भात कोण आणणार?

"मॅडम, माझंही आईसारखंच होणार का?"

नीट बसायच्या आधीच तिने विचारलं. वय 47. आईला डिमेन्शिया होता आणि त्याची सुरुवात चहात साखरेऐवजी मीठ पडण्यापासून झाली, असं तिच्या माहेरी सगळे सांगतात. आता हिच्याकडून चार महिन्यांत तीनदा दूध उतू गेलं होतं, आमटीत दोनदा मीठ पडलं होतं आणि एकदा पाणी न घालताच कुकर लावला गेला होता. कुकरचा व्हॉल्व्ह उडाला, तळाची डाळ कोळसा झाली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" त्या प्रश्नाने तिची झोप गेली. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.)

विसरायला लागलंय, डोक्यात काही बिघडलंय का, ही भीती घेऊन चाळिशी-पन्नाशीच्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी नेहमी येतात. मी आधी दिवसभराचा दिनक्रम विचारते. हिचा दिनक्रम ऐकता ऐकता माझा चहा गार झाला.

आठवड्यातले पाच दिवस ती पुण्याबाहेरच्या एका शेल्टरमध्ये भटक्या, जखमी कुत्र्यांचं करते. सकाळी साठेक कुत्र्यांचा भात मोठ्या पातेल्यात शिजतो. मग कुणाच्या जखमेतल्या अळ्या काढायच्या, कुणाचं सलाईन धरून बसायचं. फिट येणाऱ्या भुऱ्याला बरोबर बारा तासांनी गोळी, गोचीड ताप झालेल्या म्हातारीला जेवणानंतरची कॅप्सूल, तीन पायांच्या राजाची पट्टी एक दिवसाआड. हे सगळं तिने मला कागद न बघता सांगितलं. मग एकदम हसायला लागली.

"मसालेभाताचं सांगितलंच नाही तुम्हाला!"

पोट बिघडून उठलेल्या पिल्लांसाठी ती घरून लाल भोपळा घालून मऊ भात करून नेते. मीठ नाही, फोडणी नाही. त्या दिवशी घरी पाहुणे म्हणून शेजारच्याच शेगडीवर मसालेभात. दोन्ही पातेली सारखीच. भोपळ्याचा भात टेबलावर गेला, मसालेभात डब्यात. पाहुण्यांनी तोंड न वाकडं करता दोन घास खाल्ले. ब्लडप्रेशरवाल्या सासऱ्यांनी मात्र दुसऱ्यांदा मागून घेतला आणि म्हणाले, "हे असं रोज केलंस तरी चालेल." तिकडे शेल्टरमध्ये झाकण उघडताच गोड्या मसाल्याचा घमघमाट. तिथल्या मुलाने डबा उचलेपर्यंत राजाने तोंड घातलंच होतं.

इथे तिचं हसणं थांबलं आणि ती रडायला लागली. त्या भातात कांदा होता. कांदा-लसणाने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि त्याचा परिणाम कधीकधी काही दिवसांनी दिसतो. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तावर परिणाम होतो, राजाने खाल्ला तो घासभर भात. तरीही ती आठवडाभर रोज त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या नाहीत ना, बघत होती.

साठ कुत्र्यांची औषधं तोंडपाठ असलेल्या बाईला डिमेन्शिया कसला, असं मला तेव्हाच म्हणून टाकावंसं वाटलं. म्हटलं नाही, कारण ते ठरवणं माझं काम नव्हे. रोजची वाट चुकणं, वर्षानुवर्षं केलेल्या पदार्थाची कृतीच न आठवणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, यातलं तिला काही होत नव्हतं. तरी फिजिशियनकडे पाठवलं. थायरॉईड ठीक निघालं, बी12 बरंच कमी. घर शाकाहारी, त्यात नवल नाही. इंजेक्शनं सुरू झाली. पुढे जे बरं वाटलं त्यातलं किती त्या इंजेक्शनांमुळे आणि किती आमच्या बोलण्यामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी मात्र एक चूक केली. पहिल्याच भेटीच्या शेवटी म्हणाले, "शेल्टरचे दोन दिवस कमी करून बघा." ती "बरं" म्हणाली आणि तीन आठवडे फिरकली नाही. घरातले सगळे जे सांगत होते, तेच मी फी घेऊन सांगितलं होतं.

परत आली तेव्हा मी सल्ला देण्याऐवजी विचारलं, चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

पाच पिल्लं आली होती, रस्त्याकडेच्या खोक्यात सापडलेली. शेल्टरमध्ये त्या खेपेला भाज्यांची नावं ठेवायचं चाललं होतं: गवार, पडवळ, दुधी, कारलं, घोसाळं. तिसऱ्या दिवशी गवारला उलटी झाली, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. त्या वासाला तिथली माणसं लांबूनच ओळखतात. वेगळी खोली, ब्लीचच्या पाण्यात पाय बुडवून आत जायचं, बारीक पायात शीर शोधायची. लस न मिळालेली पिल्लं या आजारात पटापट जातात. पाचातली चार गेली, सहा दिवसांत. दुधी तिच्या मांडीवर गेली, संध्याकाळी सव्वापाचला.

"आणि घरी किती वाजता पोचलात?"

"साडेसहा. आंघोळ केली, कुकर लावला."

"त्या दिवशी रात्री काय जेवलात?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "पोळ्या, वरण, फ्लॉवरची भाजी. सगळं केलं की. फक्त दूध उतू गेलं."

आपल्याकडे घरात माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचं कुणीतरी पिठलं-भात आणून ठेवतं, कुणी बळेच दोन घास खायला लावतं. दुधीसाठी कोण आणणार? ज्या दुःखाला आजूबाजूचे दुःखच मानत नाहीत, त्याचा अभ्यास केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने केला आणि 1989 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. मी हे तिला सांगितलं नाही. पिठलं-भाताचंच सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कुत्र्याचं सुतक पाळते म्हटलं तर सासूबाई हसतील."

"सुतक नाही. फक्त त्या दिवशी तुम्ही गॅसपाशी जायचं नाही."

पुढच्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. साधा माणूस. त्यांचं म्हणणं, "ही घरी आल्यावर काही बोलतच नाही, मला कळणार कसं?" ते खरंच होतं. इतकं कुत्र्या-मांजरांसाठी कशाला जीव जाळायचा, हे ऐकावं लागू नये म्हणून तिने शेल्टरचा विषय घरात काढणंच बंद केलं होतं. ठरलं असं: शेल्टरमध्ये एखादं गेलं तर तिने निघतानाच नवऱ्याला फोनवर फक्त नाव सांगायचं. मग त्या रात्रीचा स्वयंपाक त्यांचा. त्यांना पिठलं तेवढं येत होतं. शेल्टरचे दिवस पाचच राहिले. तेवढी अट तिने घातली आणि मी मान्य केली.

दूध अजूनही कधीतरी उतू जातं. ते माझ्याकडूनही जातं. पण आता तसं झालं की ती आईच्या आजाराची नव्हे, त्या दिवसाची आठवण काढते.

दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. आदल्या दिवशी राजा गेला होता. म्हातारा झाला होता, झोपेतच गेला. निघताना तिने नवऱ्याला नाव सांगितलं. घरी आली तर पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या आणि भाताची खीर. सासऱ्यांनी मीठ मागितलं नाही. सासूबाई तिच्या ताटात वाढताना म्हणाल्या, "राजा म्हणजे तो मसालेभात खाल्लेला ना गं?"