लॅपटॉप आधी परत द्या, मग बोलू

पत्र आलंय पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षबागायतदारांचं. मुलगी बारावी सायन्सला, क्लाससाठी रोज नाशिकला कॉलेज रोडला जा-ये करते. दहावीला ९१ टक्के, अकरावीला ५८. ते लिहितात, "रात्र रात्र जागून संगीताच्या मासिकांची कव्हरं बनवते, ती पण अशी मासिकं जी कुठे निघतच नाहीत. महिना झाला लॅपटॉप माझ्या कपाटात आहे. आता म्हणते डिझाइनला जायचंय. कव्हर बघून कोणी मासिक घेतं का, आतलं वाचायला घेतात ना? आणि मासिकं तर बंदच पडत चाललीत. मॅडम, तुमच्या पद्धतीने तिला जरा भीती घाला, हे खूळ निघालं पाहिजे." सोबत दोन कव्हरांचे फोटो.

भाऊ, नमस्कार.

मार्कांचं मला फारसं काही वाटलं नाही, अकरावीत भल्याभल्यांचे मार्क उतरतात, पहाटेची बस, मग क्लास, मग कॉलेज, घरी येईस्तोवर पोरं अर्धी झोपलेली असतात. मी अडकले ते पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीवर. "हल्ली ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊन जेवते." ही ओळ तुम्ही जाता जाता टाकलीय. दोन पानांच्या पत्रात आत्याचा मुलगा पुण्याला सीओईपीला, म्हणजे इंजिनिअरिंगला लागला हे तीनदा आहे (मी मोजलं), क्लासची फी दोनदा आहे आणि मुलगी स्वतः काय म्हणते ते फक्त "डिझाइनला जायचंय म्हणते" एवढंच. का म्हणते, कुठे जायचंय, तिथे काय शिकवतात, यातलं काही तुम्ही विचारलंत असं पत्रात तरी दिसत नाही.

भीती घालायची कामं मी घेत नाही. आणि घालायची गरज पण नाहीये, ती आधीच घाबरलेली आहे, म्हणून तर ताट घेऊन आत जाते ना. लॅपटॉप कपाटात गेल्यापासून महिनाभरात फिजिक्स सुधारलं का? सुधारलं असतं तर तुम्ही पहिल्या ओळीत लिहिलं असतंत. तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही, पाऊस-गारपीट आणि भाव सगळं सोसलेल्या माणसाला पोरीच्या हातात पक्की डिग्री असावी वाटणं साहजिक आहे, पण आत्ता घरात जे चाललंय ते करिअर मार्गदर्शन नाही, जप्ती आहे.

आता ते फोटो. तुम्ही पुरावा म्हणून पाठवलेत, मी पण पुरावा म्हणूनच बघितले, फक्त केस उलटी निघाली.

पहिल्या मासिकाचं नाव तिनं ठेवलंय 'टिपरू', म्हणजे ढोल वाजवायची काठी. ढोल पथकातल्या पोरापोरींसाठी. फोटोत एक मुलगी, बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, थेट आपल्या डोळ्यांत बघतेय. नावाची अक्षरं ढोलाच्या पानासारखी, म्हणजे ज्यावर टिपरू पडतं त्या पडद्यासारखी, ताणलेली आणि एका कोपऱ्यात टरकन फाटलेली. खाली दोनच ओळी, त्यातली एक "ऐन मिरवणुकीत पान फुटलं तर?" भाऊ, हा प्रश्न फक्त पथकात वाजवणाऱ्यालाच पडतो, बाकीच्यांना पानाचा अर्थ पण लागायचा नाही, आणि तेच तिला हवंय. इंग्लंडात १९८१ साली 'केरँग' नावाचं हेवी मेटल वाल्यांचं मासिक निघालं, नावच मुळी इलेक्ट्रिक गिटारवर जोरात हात मारल्यावर येणाऱ्या आवाजावरून, आणि नावाची अक्षरं तडे गेल्यासारखी. तिनं ते बघितलं असेलच, पण चोरलं नाही, तडा काढून तिथे फाटलेलं पान आणलं. नाशिक ढोलच्या गावात याहून बरोबर काय असणार! अजून एक, नाव तिनं डावीकडे वर ठेवलंय. स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून लावतात तेव्हा बऱ्याचदा डावी कडच तेवढी उघडी राहते. हे तिला कोणी शिकवलं? क्लासमध्ये तर नक्कीच नाही.

दुसरं कव्हर नाट्यसंगीत ऐकणाऱ्या आजी-आजोबांसाठीचं. फिका रंग, मोठी अक्षरं, आत काय काय आहे त्याची भरपूर यादी. इथपर्यंत बरोबर, कारण हा वाचक चष्मा सरसावून आधी अनुक्रमणिका बघतो आणि मग पाकिटाला हात घालतो. पण मधोमध तानपुऱ्याची सावली आणि त्यावर मोरपीस, हे अगदीच आळशीपणाचं काम झालंय, लग्नपत्रिकेवर गणपती छापावा तसं. पथकातल्या मुलीची चिकटपट्टी दिसली तिला, मग नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरणारा आजोबांचा हात कसा नाही दिसला? हे तिला माझं नाव घेऊन सांगा, नुसतं कौतुक नको.

"कव्हर बघून कोणी मासिक घेतं का" हा तुमचा प्रश्न मात्र मला गंमतीचा वाटला, कारण तो द्राक्षवाल्या माणसानं विचारलाय. युरोपला जाणारा माल तुम्ही अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये, त्या छोट्या डब्यांत भरता, मणी एकसारखे, वरून लेबल, आणि लोकल मार्केटला जाणारा माल क्रेटमध्ये. द्राक्ष तुमच्याच बागेतलं, मग हा खटाटोप कशाला? घेणारा वेगळा आहे म्हणून. त्यानं अजून चव घेतलेली नाही, तो आधी डोळ्यांनीच घेतो. कव्हर पण तेच आहे. लोकांना वाटतं डिझाइन म्हणजे छान चित्र काढता येणं, नाहीतर तीन महिन्यांचा सॉफ्टवेअरचा कोर्स. दोन्ही नाही. समोरच्याला आधीच काय माहीत आहे आणि काय सांगायला लागेल, हे ओळखणं म्हणजे डिझाइन. बीटल्समधल्या जॉन लेननचा ८ डिसेंबर १९८० ला खून झाला, त्याच दिवशी ॲनी लिबोविट्झनं त्याचा आणि त्याच्या बायकोचा, योको ओनोचा फोटो काढला होता, तो अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' या संगीताच्या मासिकानं २२ जानेवारी १९८१ च्या अंकावर छापला आणि कव्हरवर एकही मथळा टाकला नाही. घेणाऱ्या प्रत्येकाला बातमी ठाऊक होती, लिहायचं काय? तेच नवख्या गायकाचा फोटो टाकून काही न लिहिता सोडलं असतं तर अंक स्टॉलवरच पडून राहिला असता. आपल्याकडे दीनानाथ दलालांनी दिवाळी अंकांची कव्हरं रंगवली, 'आवाज'नं खिडकी उघडणारं कव्हर काढलं, ते पण घेणारा ओळखूनच. आणि ज्या नाशिकरोडला देशाच्या नोटा छापतात तिथून तासाभरावर राहून छापील कागदाच्या नादाला खूळ म्हणू नका हो.

मासिकं बंद पडताहेत हे मात्र शंभर टक्के खरं. इंग्लंडातलं 'एनएमई' हे संगीताचं साप्ताहिक १९५२ पासून निघत होतं, दर आठवड्याचा छापील अंक २०१८ ला थांबला, 'क्यू' २०२० ला बंद झालं. संगीताच्या मासिकाची कव्हरं करून घर चालेल असं तिला वाटत असेल तर तो भ्रम आजच काढा. गाणी आता फोनवर ऐकतात आणि त्यांचं चित्र अंगठ्याएवढं दिसतं, तिला म्हणावं 'टिपरू' तेवढं छोटं करून बघ, फाटलेलं पान दिसतं का ते सांग. काम तिथे आहे, कार्यक्रमांच्या पोस्टरमध्ये आहे, पॅकेजिंगमध्ये तर खूप आहे.

प्रवेश परीक्षा म्हणाल तर एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, डिझाइनसाठी आयआयटीवाल्यांची यूसीड आणि राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या अप्लाइड आर्टसाठी राज्याची सीईटी, फॉर्मच्या तारखा त्यांच्या साइटवर बघायच्या, बारावी सायन्स असलेलं कुठेच आड येत नाही. इंजिनिअरिंगची एमएचटी-सीईटी पण देऊ दे, त्यात काही बिघडत नाही. फक्त चकचकीत कॅम्पस दाखवून लाखांत फी मागणाऱ्या खासगी कॉलेजात घाईनं ॲडव्हान्स भरू नका, आधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम बघायला मागा, दाखवायला का-कू केली की उठायचं.

पण हे सगळं नंतर. आधी आज रात्री लॅपटॉप तिच्या टेबलवर ठेवा, भाषण न करता. मग ही दोन कव्हरं उघडायला सांगा आणि विचारा, ही मुलगी कोण, हिच्या बोटांना काय झालं? ऐका फक्त, आत्याच्या मुलाचं नाव मध्ये आणू नका. त्यानंतर दोघं मिळून मला भेटायला या, एकटे आलात तर परत पाठवीन.

आणि एक राहिलं. पत्रात लिहिलंय, गेल्या सीझनला पेटीचं लेबल तिनंच करून दिलं आणि व्यापाऱ्याला फार आवडलं. बाहेर करून घेतलं असतं तर पैसे मोजले असतेत. तिला किती दिलेत? यंदा लेबल बदलायचा विचार असेल तर आधी मागचं बिल चुकतं करा, मगच विचारा.