‘भरकटत आला’ की ‘वाहत आला’?

पवनीकडच्या एका गुरुजींचा प्रश्न : हरवलेल्या विमानाचा तुकडा किनाऱ्यावर सापडला की बातमीत कधी ‘वाहत आला’ छापतात, कधी ‘भरकटत आला’. बरोबर काय?

‘भरकटत’ चूकच. भरकटतं कोण? ज्याला कुठंतरी जायचं होतं आणि वाट चुकली ते. जनावर, माणूस, फार तर विमान. तुटलेल्या पत्र्याला कुठं जायचं असतं?

‘वाहत’ चालेल, पण त्यानं डोळ्यांपुढे नदी येते. वैनगंगा उतारानं वाहते. पुरातला ओंडका खालच्याच गावाला जाणार. समुद्राचे वरचे मोठे प्रवाह वाऱ्यानं चालतात आणि पृथ्वीच्या फिरण्यानं वळतात. दक्षिण हिंदी महासागरातलं पाणी खळ्यातल्या बैलांसारखं गोल फिरतं : ऑस्ट्रेलियाजवळ उत्तरेकडे, मग पश्चिमेकडे, पुढं आफ्रिकेच्या कडेनं खाली. याला ‘भोवरा’ म्हणू नये. डोहातला भोवरा गिळतो; हा नुसता फेरा आहे, हजारो किलोमीटरचा.

एमएच ३७० हे मलेशियाचं प्रवासी विमान ८ मार्च २०१४ ला नाहीसं झालं; ते याच समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या बाजूला पडलं असं मानतात. त्याच्या पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप, म्हणजे फ्लॅपरॉन, २९ जुलै २०१५ ला पार आफ्रिकेच्या बाजूच्या रियुनियन बेटावर सापडली. ५०८ दिवस. रोज ८ किलोमीटर धरले तरी चार हजारांवर जातात, आणि हा वेग सेकंदाला नऊ-दहा सेंटिमीटरच. बैलगाडीच्या पासंगालाही पुरायचा नाही.

आता खरी गोम. नदीकाठी म्हणतात, ‘पाण्याला ओढ आहे’. ही ओढ पाण्यात बुडालेल्या भागाला लागते. वर उघडा राहिलेला भाग मात्र वारा लोटतो, आणि तोही नेहमी सरळ नाही. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी तसाच खरा फ्लॅपरॉन, सापडलेल्यासारखा कापून, समुद्रात सोडला. तो वाऱ्याच्या दिशेच्या सुमारे २० अंश डावीकडे सरकत गेला, आणि आधी वापरलेल्या नकली नमुन्यांपेक्षा जलद. म्हणून एकाच जागी पडलेली उशी आणि पंखाचा तुकडा एकाच किनाऱ्याला लागतील असं नाही. उलटा माग काढताना ही डावी ओढाळ चाल धरली नाही, तर शोधाची जागाच सरकते.

नाम म्हणून ‘लोट’ वापरू नका, तो पुराचा नाहीतर धुळीचा असतो, क्रियापद वापरा. ‘वाहवत आला’ हेही नको, ते बिघडलेल्या पोराबद्दल बोलतात. सविस्तर लिहायचं तर ‘पाण्यानं ओढत, वाऱ्यानं लोटत आणला’. मथळ्याला ‘किनाऱ्याला लागला’ पुरे.