अरंगेत्रम चाललं, मग ऑडिशन का नको?

प्रश्न (थोडक्यात) : आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. मुलगी 21 वर्षांची, कॉलेजचं शेवटचं वर्ष, जीपीए 3.8. आता एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) बाजूला ठेवून डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघासाठी मैदानावर नाचणाऱ्या चीअरलीडर्सची ऑडिशन द्यायची म्हणते. महाराष्ट्र मंडळात तोंड कसं दाखवायचं? तिची समजूत कशी काढू?

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात मंडळ वारंवार येतं, मुलीचं म्हणणं एकदाही नाही. तिला डॉक्टर व्हायचंय की नाही, हेही मला कळलं नाही. पण दहा वर्षं भरतनाट्यम शिकवलं, अरंगेत्रमला, म्हणजे तिच्या पहिल्या जाहीर एकल कार्यक्रमाला, तीनशे पानं उठली, हे तुम्ही हौसेने लिहिलंय. तेव्हाही पोरगी लोकांसमोरच नाचत होती ना? तेव्हा मंडळी पहिल्या रांगेत होती. म्हणजे अडचण नाचाची नाही, कपड्यांची आणि कुजबुजीची आहे. तसं असेल तर तसं स्पष्ट बोला. त्यावर एमकॅटचं पांघरूण घालू नका.

एमकॅट पुढच्या वर्षीही देता येते. एक वर्ष थांबून मेडिकलला अर्ज करणारी मुलं तिकडे ढिगाने आहेत.

आता तुमचा गैरसमज. 'हे की ते' असा हा मामलाच नाही. या मुली दिवसा नोकरी किंवा कॉलेज करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. करार एका वर्षाचा. जुन्यांनाही दरवर्षी नव्याने ऑडिशन द्यावी लागते. आणि संघ अब्जावधी डॉलर्सचा म्हणून मुलींनाही तसाच पैसा, असंही नाही. एका माजी चीअरलीडरने 2018 मध्ये याच संघावर खटला भरला, तेव्हा ताशी 8 डॉलर मिळत असल्याचं तिचं म्हणणं होतं. 2019 मध्ये तडजोड झाली. घसघशीत वाढ मिळायला 2025 उजाडलं. चीड यायचीच असेल तर याची येऊ द्या.

पुढे काय, म्हणाल तर केली फिनग्लास यांचं बघा. 1984 ते 89 याच पथकात नाचल्या, आज त्याच पथक चालवतात. फिलिस स्मिथ सेंट लुईसच्या फुटबॉल संघाच्या चीअरलीडर होत्या. गुडघा गेला, नाच संपला. मग रिसेप्शनिस्ट, पुढे कास्टिंगच्या ऑफिसात नोकरी. 'द ऑफिस' या टीव्ही मालिकेच्या चाचणीत समोरच्या नटांना संवाद वाचून दाखवत होत्या, तिथेच दिग्दर्शकाला आवडल्या आणि त्यांच्यासाठी नवी भूमिका लिहिली गेली. नाचाची कारकीर्द बहुतेकांची लवकर संपते, हे मात्र मुलीला सांगाच.

दोन गोष्टी विचारा. उडी मारून थेट स्प्लिटमध्ये (दोन्ही पाय जमिनीवर सरळ फाकवून) उतरण्याने खुब्याच्या दुखापती होतात, त्यासाठी ती शरीर कसं तयार करतेय? आणि विमा? 26 वर्षांची होईपर्यंत ती तुमच्या पॉलिसीत राहू शकते, तेव्हा तिचं नाव काढू नका.

बाकी जागा साधारण 36 आणि अर्ज शेकड्यांनी. नाही झाली निवड, तर 'मी म्हटलं नव्हतं?' एवढं वाक्य तेवढं गिळा.