जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंची मूळ कागदपत्रं आज कुठे आहेत?

एका ठिकाणी नाहीत. याकोब आणि विल्हेल्म हे दोघे भाऊ आणि विल्हेल्मचा मुलगा हेर्मान, तिघेही अभ्यासक. घराण्याच्या कागदपत्रांचा मोठा भाग बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे.

माझ्या मते सर्वांत मोलाचा ऐवज जर्मनीतल्या कासेल शहरात आहे: लोककथांच्या १८१२ आणि १८१५च्या पहिल्या आवृत्तीच्या त्यांच्या स्वतःच्या प्रती. समासात शाईने केलेल्या दुरुस्त्या, टिपा. कथा कशी बदलत गेली ते डोळ्यांना दिसतं. २००५ साली युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली.

कथांचं १८१०चं हस्तलिखित मात्र त्यांनी कवी ब्रेन्टानोला पाठवलं आणि त्याने ते परत केलंच नाही! म्हणून तर वाचलं; स्वतःकडची टिपणं ग्रिम बंधूंनी छपाईनंतर नष्ट केली. ते फ्रान्सच्या अल्सास भागातल्या एका मठात सापडलं, आता जिनिव्हाजवळ बोडमर संग्रहात आहे.